दोन देशांतील लागवडीच्या जंगलांची तुलना कशी करावी

आकडे कुठून घ्यायचे यावर फार वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, म्हणजे एफएओचे, जागतिक वनसंसाधन मूल्यांकन उघडा आणि दोन्ही देशांची १९९० पासूनची 'लागवडीचे वन' ही नोंद उतरवून घ्या. आकडे हजार हेक्टरमध्ये असतात. उदाहरणासाठी जपान आणि न्यूझीलंड घेऊ.

मग व्याख्या वाचा. अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जागा, पाच मीटरहून उंच वाढणारी झाडे आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन, असेल तर ते वन. त्यातली बहुतेक झाडे माणसाने लावलेली किंवा पेरलेली असतील तर ते लागवडीचे वन. रबराची लागवड यात धरतात, तेलताडाची आणि फळबागांची धरत नाहीत. रबर पिकवणाऱ्या देशाची तुलना करताना हे आधी पाहिलेच पाहिजे.

खरी मेख आहे ती कालमालिकेत, म्हणजे वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या ओळीत. मलाही सर्वाधिक वेळ इथेच लागतो, आणि बहुतेक तयार तक्ते इथेच फसलेले दिसतात.

पहिली गोष्ट, वेगवेगळ्या आवृत्त्यांतले आकडे एकमेकांना जोडू नका. नवे मूल्यांकन निघते तेव्हा देश मागच्या वर्षांचे आकडेही सुधारून देतात. २००० च्या आवृत्तीतले १९९० आणि २०२० च्या आवृत्तीतले १९९० सारखेच असतील असे धरून चालू नका. जुना आकडा जुन्या पुस्तकातून आणि नवा नव्या पुस्तकातून घेतलात, तर जंगल न वाढताही आलेख वर जाईल. दोन्ही देशांची सगळी वर्षे एकाच आवृत्तीतून घ्या. यात तडजोड नाही.

दुसरी गोष्ट, दरवर्षीचे आकडे दिसले म्हणून दरवर्षी मोजणी झाली असे समजू नका. लागोपाठच्या वर्षांची वजाबाकी करून पाहा. फरक वर्षानुवर्षे तंतोतंत सारखाच निघाला, तर मधली वर्षे दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढून भरलेली आहेत. न्यूझीलंडमध्ये १९९४ साली सुमारे ९८ हजार हेक्टरवर नवी लागवड झाली, तो तिथला उच्चांक. १९९० आणि २००० अशी दोनच टोके जोडलीत तर ही उसळी आलेखात दिसणारच नाही. अशा वर्षांसाठी देशाची स्वतःची लागवड नोंदवही पाहावी लागते, पण तिचे आकडे एफएओच्या रेषेत मिसळू नयेत. वेगळी रेषा काढावी.

तिसरी गोष्ट, आणि यावर माझे मत ठाम आहे: दरवर्षी 'इतक्या हेक्टरवर झाडे लावली' या आकड्यांची बेरीज म्हणजे लागवडीचे वन नव्हे. त्यात तोड झाल्यावर त्याच जागी पुन्हा केलेली लागवड येते, मेलेली रोपेही येतात. उलट, तोड झाली तरी ती जागा पुन्हा झाडांखाली येणार असेल तर एफएओ तिला वनच धरते. म्हणून उपग्रहावर दिसणारी वृक्षहानी या आकड्यांतून वजा करू नका.

आकडा अचानक उडी घेत असेल तर त्या देशाचा अहवाल उघडून वनाच्या वैशिष्ट्यांचा तक्ता, १ ब, आणि त्याखालच्या टिपा वाचा. वर्गीकरण बदलले असेल तर तिथे कळते.

यापुढचे काम सोपे आहे. हेक्टरांसोबत टक्केवारी काढा, आणि कशाची टक्केवारी ते लिहा. जपानमधले लागवडीचे वन सुमारे एक कोटी हेक्टर, म्हणजे तिथल्या एकूण वनाच्या जवळजवळ ४० टक्के. त्यात सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांच्या जाती मुख्य, आणि बरीचशी लागवड दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांतली. त्यामुळे १९९० नंतर त्याची रेषा जवळपास आडवी दिसते. न्यूझीलंडमध्ये ते सुमारे २१ लाख हेक्टर, वनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि बहुतांशी रेडिएटा पाइन. १९९० ला शंभर धरून निर्देशांक काढलात तर जपान मंदावलेला वाटेल. प्रत्यक्षात त्याने आपली मोठी लागवड त्याआधीच उरकली होती. म्हणून निर्देशांकाचा आलेख हेक्टरांच्या आलेखाशेजारीच छापा, एकटा कधीच नको, आणि खाली आवृत्तीचे वर्ष लिहा.