होडीवर तिसऱ्या दिवशी शिदोरीला बुरशी: माझा अनुभव

मुंबई ते मालवण, शिडाची होडी, चौघे जण, चार दिवस. दर खेपेला तेच व्हायचं: तिसऱ्या दिवशी दशम्यांवर हिरवट ठिपके आणि चिवडा चिवट. दशम्या जास्त भाजून पाहिल्या, चिवड्याला घट्ट झाकणाचा मोठा डबा घेतला. भर समुद्रात अख्खी शिदोरी पाण्यात टाकताना जीव तुटायचा.

दोष डब्याचा नव्हता. दशमीत दुधाचा ओलावा असतोच, आणि मोठा डबा दिवसातून दहादा उघडला की खारी दमट हवा आत शिरते.

शेवटी सातूच्या पिठाने काम केलं. 1 किलो गहू धुऊन उन्हात कडकडीत वाळवले. मंद आचेवर खमंग भाजले, दाणा दाताखाली कुट्कन तुटेपर्यंत. गार झाल्यावर अर्धा किलो डाळं आणि चमचाभर सुंठ घालून दळून आणले. दळलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरून पूर्ण गार केलं. ही पायरी अजिबात गाळू नका, कोमट पीठ पिशवीत घाम धरतं. मग एका माणसाच्या एका वेळेच्या 80 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या आणि पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवली. गूळ वेगळा, कारण त्याला पाणी सुटतं. सुकं खोबरं घालू नका, खवट होतं.

होडीवर वाटीत पीठ, गूळ, पाणी कालवायचं. चूल लागत नाही. चौथ्या दिवशीची पुडीही भुरभुरीत निघाली.