बाळाच्या हृदयात गाठ दिसल्यावर काय करावे

सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठ दिसली असे सांगितले, की घरात पहिला विचार कॅन्सरचाच येतो. प्रत्यक्षात मुलांच्या हृदयात सर्वाधिक आढळणारी गाठ, म्हणजे ऱ्हॅब्डोमायोमा, कॅन्सरची नसते आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बहुधा आपोआप लहान होत जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई करू नये.

बालहृदयरोगतज्ज्ञांकडून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेताना गाठी किती आहेत, त्या रक्ताची वाट अडवतात का आणि एखाद्या झडपेच्या कामात आड येतात का, हे नीट विचारून घ्यावे. ऱ्हॅब्डोमायोमा इकोवर भोवतालच्या स्नायूपेक्षा उजळ दिसतात आणि बहुतेकदा एकाहून अधिक असतात. एकच मोठी गाठ असेल व तिच्यात कॅल्शियम साठलेले असेल, तर ती फायब्रोमा ही दुसऱ्या प्रकारची, पण कॅन्सर नसलेली गाठ असू शकते. ती सहसा विरत नाही आणि ठोक्यांचा गंभीर बिघाड करू शकते, म्हणून हृदयाचा एमआरआय करावा लागतो. ईसीजी आणि होल्टर (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारी चाचणी) मात्र गाठ लहान असली तरी टाळू नये.

अडथळा नसेल, तर ठरावीक अंतराने इको करत राहणे हाच उपचार होय. रक्ताची वाट अडली किंवा ठोक्यांचा बिघाड औषधांना दाद देईना, तर शस्त्रक्रिया करतात. तीतही संपूर्ण गाठ काढण्याचा हट्ट नसतो, वाट मोकळी होण्यापुरतीच काढली तरी चालते. निवडक बाळांना एव्हरोलिमस हे प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध देऊन गाठ लहान करता येते. त्या काळात रक्तातील औषधाची पातळी मोजावी लागते, जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावे लागते आणि लसी डॉक्टरांना विचारूनच द्याव्या लागतात.

गाठी अनेक असतील, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस हा मेंदूसह अनेक अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार असण्याची शक्यता मोठी असते आणि मग माझ्या मते हृदयापेक्षा मेंदूची काळजी अधिक घ्यावी. मेंदूचा एमआरआय, ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद), मूत्रपिंडांची सोनोग्राफी, डोळ्यांची तपासणी आणि टीएससी1 व टीएससी2 या जनुकांची चाचणी करावी. मांडीवर किंवा पाठीवर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे दिसले, तर ती याच आजाराची खूण असू शकते, कोड समजून सोडून देऊ नये. बाळ झोपेतून उठल्यावर मान एकदम पुढे टाकते, हात फेकते आणि काही सेकंदांनी पुन्हा तसेच करते, अशी मालिका दिसली, तर ते याच आजारातील मेंदूचे झटके असू शकतात, पोट दुखत असेल किंवा दचकले असेल असे म्हणून थांबू नये. मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालमेंदूरोगतज्ज्ञांना दाखवावा, कारण या झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे औषध जितके लवकर सुरू होते, तितका मेंदूच्या वाढीला धोका कमी राहतो.