गाईच्या दुधाची ॲलर्जी: मुलाला मोजून दूध देण्याच्या उपचाराची तयारी कशी करावी

दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरात ‘थोडे-थोडे देत राहा, सवय होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जीचाच पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून मोजून तोंडावाटे देत हळूहळू वाढवणे, हा उपचार वरवर तसाच दिसतो, म्हणून तो घरच्या घरी सुरू करण्याचा मोह होतो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. या उपचारात पहिली मात्रा आणि पुढची प्रत्येक वाढ तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते. घरी द्यायची ती फक्त तिथे मुलाने सोसलेली मात्रा, रोज तेवढीच.

आधी निदान पक्के हवे. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, खोकला किंवा धाप लागणे ही या ॲलर्जीची लक्षणे आहेत. केवळ पोट फुगून जुलाब होणाऱ्या मुलाला दुधातील साखर पचत नसण्याची शक्यता अधिक असते आणि त्यावर हा उपचार नाही. शेळीचे किंवा म्हशीचे दूध देऊन पाहू नये, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. बरीच मुले वाढत्या वयात या ॲलर्जीतून आपोआप बाहेर पडतात, म्हणून युरोपीय तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत साधारण चार-पाच वर्षांनंतरही ॲलर्जी टिकून असलेल्या मुलांसाठीच या उपचाराची शिफारस आहे. मुलाला दमा असेल तर तो आधी पूर्ण आटोक्यात आणावा लागतो.

मात्रा वाढवण्यासाठी आठवड्या-पंधरवड्याला डॉक्टरांकडे जावे लागते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालकांना त्यासाठी बहुधा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला की वेळापत्रक कोलमडते. शिवाय त्याच दिवसांत मुलांना ताप-सर्दी अधिक होते आणि तापात एरवी सोसणारी मात्राही बाधू शकते. त्यामुळे डॉक्टरांशी बोलून सुरुवात दसऱ्यानंतर करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मोजमापात चमच्याचा अंदाज चालत नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिन असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३३ मिलिग्रॅम, आणि सुरुवातीच्या मात्रा याहून पुष्कळ लहान असू शकतात. बिनसुईची सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर धरावी, आतला हवेचा बुडबुडा काढून टाकावा आणि मगच रेघ वाचावी. दूध पातळ करून द्यायला सांगितले असेल तर प्रत्येक वेळी ते नीट हलवून घ्यावे. डॉक्टरांनी ठरवून दिलेले पिशवीचेच दूध, सांगितले असेल तसेच तापवून वापरावे. ते संपले म्हणून शेजारच्या गोठ्यातले आणू नये, कारण म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त असते.

मात्रा उपाशीपोटी देऊ नये. मऊभात किंवा पेज खाल्ल्यानंतर द्यावी. पुढचे दोन तास मूल जागे आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर असावे. या वेळात पळापळ, क्रिकेट, समुद्रात डुंबणे आणि कढत पाण्याची आंघोळ वर्ज्य, कारण शरीर तापले की प्रतिक्रिया बळावू शकते. ताप, उलट्या किंवा दम्याचा त्रास असेल त्या दिवशी मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये आणि सलग काही दिवस खंड पडला तर विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

गांधी उठल्या की आपल्याकडे पित्त म्हणून आमसुलाचे पाणी लावतात. या मुलाच्या बाबतीत त्यात वेळ घालवू नये. गांधींसोबत धाप, घशाशी आवळल्यासारखे होणे, वारंवार उलटी किंवा गळून जाणे दिसले, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस मध्यावर ॲड्रेनालिनचे (तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाचे) इंजेक्शन ताबडतोब द्यावे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. ॲड्रेनालिनची मात्रा मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम असते. ती डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि अँप्यूल (औषधाची बंद काचेची कुपी) फोडून औषध सिरिंजमध्ये भरण्याचा सराव त्यांच्यासमोर करावा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये, तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचायला आखूड पडते. इंजेक्शननंतर मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर बसू द्यावे, आणि १०८ ला फोन करावा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरे इंजेक्शन लागू शकते, म्हणून दोन अँप्यूल हाताशी हव्यात. गाव तालुक्याच्या रुग्णालयापासून दूर असेल तर रात्री गाडी कोणाची मिळेल हेही आधीच ठरवावे.

मोजलेल्या मात्रेखेरीज दुधाचे इतर सर्व पदार्थ बंदच राहतात. गणपतीत पंचामृत, पेढे, खरवस घरोघरी हातावर पडतात. मोदकाच्या उकडीत काही घरी दूध किंवा लोणी घालतात आणि वर तूप असतेच, म्हणून आरतीला जाण्यापूर्वी शेजाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवावे.

ठरलेल्या मात्रेपर्यंत पोहोचल्यावरही ती नियमाने चालू ठेवावी लागते. बंद केली तर मिळालेले संरक्षण ओसरू शकते. मे महिन्यात आजोळी जाताना तिथे तेच दूध मिळते का, याची चौकशी आधी करावी. घास अडकणे किंवा सतत पोट दुखणे सुरू झाले, तर तो अन्ननलिकेच्या दाहाचा इशारा असू शकतो. पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवावे.