टर्बो गाडीचा रिमॅप: कोकण किनाऱ्यावरच्या मालकाने काय तपासावे आणि वॉरंटीचे काय होते

खारेपाटणपासून झारापपर्यंतचा महामार्ग चौपदरी झाल्यापासून सिंधुदुर्गात टर्बो पेट्रोल गाड्यांची हौस वाढली आहे आणि त्या हौसेबरोबर इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ताकद वाढवणारा बदल, करून घेण्याविषयीची विचारपूसही वाढली आहे. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा "अश्वशक्ती किती वाढेल?" असा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न "वाढलेल्या ताकदीने कोणता भाग आधी थकेल आणि तो बदलण्याचे पैसे कोण देईल?" असा असला पाहिजे.

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हवेचा दाब, हवेचे तापमान, धुरातील प्राणवायू आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट) मोजणाऱ्या सेन्सरांकडून माहिती घेतो आणि स्वतःजवळच्या तक्त्यांत पाहून पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची आणि टर्बोने, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याने, किती बूस्ट (हवेचा जास्तीचा दाब) द्यायचा हे ठरवतो. टर्बो नसलेल्या इंजिनात हे तक्ते बदलून फारसे काही हाती लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये शिरणारी हवा ठरलेली असते. टर्बो इंजिनात मात्र वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) थोडा उशिरा उघडू दिला की अधिक हवा कोंबता येते, आणि म्हणूनच केवळ सॉफ्टवेअर बदलून 20 ते 30 टक्के वाढीच्या जाहिराती शक्य होतात. ही वाढ फुकटची नसते. कंपनीने तो भाग खराब पेट्रोल, भर उन्हातला घाट, लांबलेली सर्व्हिसिंग आणि जुने झालेले प्लग यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. रिमॅप करणारा मालक तो राखीव भाग खर्च करत असतो.

व्यवहारात 'स्टेज 1' म्हणजे केवळ सॉफ्टवेअर, 'स्टेज 2' म्हणजे त्यासोबत डाउनपाइप (टर्बोमागची धुराची नळी), इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) किंवा मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी), आणि 'स्टेज 3' म्हणजे मोठा टर्बो. रोजच्या वापरातल्या गाडीच्या मालकाने स्टेज 1 च्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचनही तेवढ्यापुरतेच आहे.

सर्वांत आधी गिअरबॉक्सची टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) सोसण्याची मर्यादा शोधून काढावी. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या 1.5 टीएसआय इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन मीटर आहे आणि त्याला जोडलेला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू200 हा डीएसजी गिअरबॉक्सही 250 न्यूटन मीटरपर्यंतच्याच टॉर्कसाठी बनवलेला आहे. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच गिअरबॉक्स आपल्या काठावर उभा असतो. इंजिनाने 310 न्यूटन मीटर दिले म्हणून क्लच दुसऱ्या दिवशी जळत नाही, परंतु करूळ किंवा भुईबावडा घाटात ट्रकच्या मागे रांगत चढताना अर्धवट धरलेला कोरडा क्लच ज्या प्रकारे तापतो त्यात ही जास्तीची भर पडते, आणि या गिअरबॉक्सचा क्लच व मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा नियंत्रक भाग) यांचा खर्च रिमॅपच्या खर्चाहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे ट्यूनरला, म्हणजे रिमॅप करून देणाऱ्याला, अश्वशक्तीचा आकडा विचारण्याऐवजी टॉर्कचा आलेख मागावा आणि कमी आरपीएमवर टॉर्क मर्यादित ठेवून वरच्या आरपीएमवर ताकद वाढवणारा मॅप (संगणकातले तक्ते) बनवून घ्यावा. अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच झेप घेणार नाही, म्हणून पहिल्या फेरीत काहींचा विरस होतो, तो सोसावा.

कमी आरपीएमवरचा टॉर्क आवरण्याचे आणखी एक कारण आहे. लहान, थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जास्त भार पडला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि अशा एका स्फोटानेही पिस्टनची कड तुटू शकते. हा धोका ध्यानात घेऊन आखलेला एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा 2020 पासून उपलब्ध आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे, या दर्जाचे ऑइल वापरावे आणि बदलण्याचे अंतर कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी ठेवावे.

आता आपल्या हवेविषयी, कारण पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनात ही बाब क्वचितच येते. मे महिन्यात मालवण किंवा वेंगुर्ल्याला तापमान 33 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तेव्हा हवेतला सुमारे चार टक्के भाग निव्वळ पाण्याच्या वाफेचा असतो आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. वाफेमुळे नॉकिंगला थोडा आळा बसतो हे खरे, पण तापलेल्या हवेमुळे होणारे नुकसान त्याहून मोठे असते. त्यात किनाऱ्यावरून आंबोलीपर्यंत सुमारे 700 मीटर चढताना हवेचा दाब जवळपास आठ टक्क्यांनी घटतो, आणि ठरवून दिलेला बूस्ट गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. वेग कमी असल्याने इंटरकूलरवर वारा नसतो आणि आत जाणारी हवा तापतच जाते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. तिथल्या डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) सकाळच्या थंड हवेत, समोर पंखा लावून काढलेला आलेख पाहून समाधान मानू नये. मॅपची खरी परीक्षा सावंतवाडीहून दुपारी दोन वाजता घाट चढताना होते.

पेट्रोलची बाब तितकीच महत्त्वाची आहे. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग सोसण्याच्या क्षमतेचा आकडा) 91 पासून सुरू होतो, प्रीमियम 95 चे असते आणि 100 ऑक्टेनचे पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळते. देवगड किंवा गुहागरला राहणाऱ्याने 100 ऑक्टेनसाठी बनवलेला मॅप घेण्यात काहीही अर्थ नाही. आपण ज्या पंपावर नेहमी टाकी भरतो तिथे जे मिळते त्याच पेट्रोलवर मॅप बेतून घ्यावा, आणि सोय असेल तर साध्या पेट्रोलसाठी दुसरा, सौम्य मॅपही मागून ठेवावा. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5 किलो पुरते, म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक फवारावे लागते. युरोपातल्या पेट्रोलसाठी तयार केलेली फाइल तशीच्या तशी टाकून देणारे काही जण आपल्याकडे आहेत. "ही फाइल आमच्या पेट्रोलवर, आमच्या गाडीवर लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) घेऊन बसवली आहे का?" या प्रश्नाला ज्याच्याकडे सरळ उत्तर नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

रिमॅपपूर्वीची तपासणी घरच्या मेकॅनिककडे होऊ शकते. प्लग नवे असावेत आणि त्यांचे अंतर ट्यूनरच्या सांगण्याप्रमाणे कमी केलेले असावे, कारण वाढलेल्या दाबाखाली ठिणगी विझू लागते. बूस्टच्या पाइपांचे क्लॅम्प, इंटरकूलरच्या जाळीत बसलेली लाल धूळ आणि विशेषतः बॅटरीच्या अर्थिंगच्या जागा तपासाव्यात. खाऱ्या हवेत या जागा हिरव्या पडतात आणि मग सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतात. त्यानंतर ओबीडी पोर्टला (संगणकाशी जोडणी करायच्या गाडीतल्या खाचेला) स्कॅनर लावून मूळ मॅपवरचाच एक लॉग घेऊन ठेवावा. त्यात मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट, प्रत्येक सिलिंडरचे मागे घेतलेले टायमिंग (नॉकिंग टाळण्यासाठी उशिरा पाडलेली ठिणगी), आत जाणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण) आणि मिसफायर (न पेटलेली ठिणगी) एवढ्या गोष्टी असाव्यात. मूळ मॅपवरच इंजिन वारंवार टायमिंग मागे घेत असेल, तर रिमॅपचा विचार तिथेच थांबवून आधी दोष शोधावा.

संगणकात फाइल टाकण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. ओबीडी पोर्टमधून फाइल टाकता आली तर उत्तम. नव्या बॉश संगणकांत कुलूपबंदी कडक असल्याने काही वेळा संगणक गाडीतून काढून टेबलावर वाचावा लागतो, आणि काहींचे झाकणही उघडावे लागते. झाकण उघडणे ही कोकणात विशेष काळजीची बाब आहे. कारखान्यातले सील एकदा तुटले की नंतर लावलेल्या सिलिकॉनवर भरवसा ठेवावा लागतो, आणि जून ते सप्टेंबर ओल जिथे वाट मिळेल तिथे शिरते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी पहिल्याच पावसाळ्यात अधूनमधून बंद पडू लागली. संगणक उघडला तेव्हा आतल्या पिनांवर गंज होता आणि ज्या गॅरेजने तो उघडला होता त्याने हात वर केले. झाकण उघडावे लागणार असेल तर नकार द्यावा, असा माझा सल्ला आहे.

फाइल टाकताना गाडीला स्थिर वीजपुरवठा लागतो. साध्या चार्जरऐवजी सुमारे 13.5 व्होल्ट कायम ठेवणारा पॉवर सप्लाय हवा, आणि तोही इन्व्हर्टरवर चालणारा, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि अर्धवट लिहिलेला संगणक गाडी सुरूच होऊ देत नाही. सेन्सरच्या तारांमध्ये जोडायच्या ट्यूनिंग बॉक्सविषयी एवढेच सांगतो की तो संगणकाला खोटा दाब दाखवून काम करतो, टायमिंग व इंधन यांचे तक्ते त्याच्या हातात नसतात, आणि तो काढून ठेवला तरी संगणकात साठलेल्या नोंदी त्याच्याबरोबर जात नाहीत.

वॉरंटीविषयी सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज असा की सर्व्हिसिंगच्या आधी मूळ फाइल परत टाकली की कोणाला काही कळत नाही. अनेक संगणक स्वतःवर किती वेळा लिखाण झाले याची मोजणी ठेवतात, आणि सॉफ्टवेअरची तपासणी-संख्या (चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा) कंपनीच्या यादीशी जुळत नसेल तर स्कॅनरवर ते लगेच दिसते. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीच्या नोंदीवर टीडी-1 नावाची खूण केली जाते, आणि ती एकदा लागली की इंजिन व गिअरबॉक्सच्या वॉरंटीचे दावे अडतात. मूळ फाइल परत टाकल्याने मोजणीत उलट आणखी एकाची भर पडते. याच्या उलट प्रकारही घडतो: सर्व्हिस सेंटरने नेहमीचे अपडेट टाकले की रिमॅप पुसला जातो आणि त्याचे पैसे कोणी परत देत नाही.

अमेरिकेतल्या 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणाने पूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही, असे त्याचे सार आहे. पण तो कायदा भारतात लागू नाही. आपल्याकडे वॉरंटी हा करार असून त्याच्या पुस्तिकेतील बदलांविषयीचे कलम शब्दशः वाचणे आवश्यक आहे. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि तपासणीत बदललेले सॉफ्टवेअर आढळले तर फुटलेल्या टर्बोचा दावा टिकण्याची आशा फारच थोडी. एसीचा कॉम्प्रेसर किंवा पॉवर विंडो यांचा दावा मात्र रिमॅपचे कारण देऊन नाकारला जात असेल, तर ते कारण लेखी मागावे. लेखी देण्याची वेळ आली की बऱ्याच वेळा भूमिका बदलते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ(4) मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा डाउनपाइप तर बीएस-6 गाडीला कोणत्याही कारणाने बसवू नये. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. अपघातानंतर सर्व्हेअरच्या अहवालातून तो उघड झाला तर दावा अडकण्याची शक्यता असते.

हे सर्व लक्षात घेऊन माझा हिशोब असा आहे: वॉरंटी चालू असताना रिमॅप करायचा असेल, तर इंजिन व गिअरबॉक्सची वॉरंटी त्याच दिवशी संपली असे समजावे, आणि एक टर्बो व एक क्लच संच यांची किंमत बँकेत बाजूला ठेवावी. ती रक्कम ठेवणे जमत नसेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबावे, आणि तोवर चांगले टायर व ब्रेक पॅड घ्यावेत, कारण घाटात गाडी वेगवान वाटण्यासाठी त्यांचाच उपयोग अधिक होतो.

रिमॅप झाल्यावर पहिल्या आठवड्यात भर दुपारी घाटात पुन्हा लॉग घ्यावा. एखाद्या सिलिंडरने क्षणभर एक-दोन अंश टायमिंग मागे घेतले तर चिंता नाही. सर्व सिलिंडर सतत चार अंशांहून अधिक मागे घेत असतील, किंवा प्रत्यक्ष बूस्ट मागितलेल्यापेक्षा सातत्याने कमी येत असेल, तर पाय आवरावा आणि लॉग ट्यूनरकडे पाठवून मॅप सौम्य करून घ्यावा. मूळ फाइलची प्रत, आधीचा व नंतरचा लॉग आणि पावती एका जागी ठेवावी. गाडी पुढे विकताना हीच कागदपत्रे नव्या मालकाच्या हाती द्यावीत आणि हवे असल्यास मूळ फाइल त्याच्यासमोर परत टाकून द्यावी.