सुट्ट्यांच्या आधीच बसून बोलून घ्या
सणासुदीला पाहुणे यायच्या साधारण 3 आठवडे आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला विचारा की तुला नक्की काय हवंय, एकच गोष्ट सांग. खरंच विचारा, कारण आपण जे वर्षानुवर्षं मरमर करून करतो त्यातलं निम्मं कुणाला नकोच असतं. जे कुणीच मागितलं नाही ते बिनधास्त काढून टाका. मग कामं वाटून घ्या, पण "मदत कर हं" असं मोघम नको, कोण काय कधी करणार ते कागदावर लिहून फ्रीजवर लावा, मुलांचीही नावं त्यात हवीतच.

जास्तीच्या गाद्या-चादरी आत्ताच काढून उन्हात टाका, नाहीतर पाहुणे दारात आणि उशीचे अभ्रे सापडत नाहीत असं होतं. मोठ्यांची रोजची औषधं संपत आलीत का बघा, सुट्टीत दुकानं बंद असू शकतात. खर्चाचा आकडाही आधीच ठरवा.

आणि मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, कुणी कितीही बोलावलं तरी. त्या दिवशी लहान मुलं नीट झोपतात आणि आई पण जरा टेकते.