विषमतेचा आकडा कसा वाचावा

कुठल्याही देशाच्या उत्पन्नाचा आकडा समोर आला की मी आधी विचारते, ही सरासरी आहे की मध्यक, म्हणजे सगळ्यांना कमाईच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणारा आकडा? दहा माणसं घ्या. नऊ जणांची कमाई प्रत्येकी 10, दहाव्याची 910. सरासरी निघते 100, आणि नऊ जण तिच्या जवळपासही नाहीत. मध्यक मात्र 10च. त्यामुळे दरडोई उत्पन्नाचा आकडा एकटाच छापलेला दिसला की मला राग येतो. मधल्या माणसाचं काय, ते त्यात कळतच नाही.

मग गिनी गुणांक बघा. इटलीच्या कोर्रादो गिनी यांनी तो 1912 साली मांडला. 0 म्हणजे सगळ्यांना सारखं, 1 म्हणजे सगळं एकाकडे. वरच्या दहा जणांचा येतो 0.81. पण तो कशावरून काढलाय हे पाहिल्याशिवाय दोन देशांची तुलना करू नका. भारताचा आकडा बहुधा खर्चाच्या पाहणीवरून येतो, ब्राझीलचा उत्पन्नावरून. श्रीमंत माणूस मिळवतो तेवढं खर्च करत नाही, म्हणून खर्चातली विषमता कमी दिसते. जमीन, घरं, शेअर धरून संपत्ती मोजलीत तर दरी आणखी रुंदावते.

देशादेशांतली तुलना विनिमय दराने नको, क्रयशक्ती समतेने करा, म्हणजे त्या पैशात तिथे किती वस्तू येतात ते धरून. जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा तशीच ठरते: 2022 पासून दिवसाला 2.15 डॉलर, जून 2025 पासून 3 डॉलर. दोन्ही रेषांवरचे आकडे एकाच तक्त्यात मांडू नका.