येऊरचा कांडोळ आणि गंगोत्रीचा भूर्ज: ओळखताना होणारी गल्लत

माघात ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात शिरले की पानझड झालेल्या उतारावर मधूनच एखादे पांढरेफटक झाड फांद्या पसरून उभे दिसते आणि त्याच्या कागदासारख्या सुटणाऱ्या सालीकडे बोट दाखवून बरोबरचे कोणीतरी ‘हा भूर्ज असणार’ असे म्हणते. तो भूर्ज नसतो, कांडोळ असतो. काळोखातही उजळ दिसणाऱ्या खोडामुळे त्याला भुत्या असेही म्हणतात. हिमालयातला भूर्ज साधारण ३,००० ते ४,२०० मीटर उंचीवर, जिथे झाडांची हद्द संपत येते तिथे वाढतो. म्हणून भूर्ज ओळखताना झाडाआधी आपण किती उंचीवर उभे आहोत हे पाहावे.

पांढऱ्या रंगावर मात्र फार विसंबू नये. पश्चिम हिमालयातील भूर्ज बहुधा पांढरा असतो, परंतु पूर्वेकडे त्याच भूर्जाची साल तांबूस तपकिरी असते. खरी खूण सालीवरच्या आडव्या रेघांची आहे. या रेघा म्हणजे वल्करंध्रे, खोडाला श्वास घेता यावा म्हणून असलेली छिद्रे, आणि भूर्जावर ती खोडाला वेढत आडवी पसरलेली असतात.

ही खूण डोळ्यांत बसवण्यासाठी गंगोत्री गाठण्याची गरज नाही. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात पूजासाहित्याच्या दुकानात भूर्जपत्राचा तुकडा मागावा आणि घरी आणून खिडकीच्या उजेडासमोर धरावा. नावात ‘पत्र’ असले तरी ते पान नव्हे, साल आहे. उजेडात तिच्यावर बारीक तपकिरी रेघा एकाच दिशेने आखल्यासारख्या दिसतात. कडेला नख लावले की एकावर एक बसलेले पातळ पापुद्रे कांद्याच्या पातीपेक्षाही हलके होऊन सुटू लागतात. मला विकत मिळालेल्या एका तुकड्यावर अशी एकही रेघ नव्हती आणि पापुद्रेही सुटत नव्हते. दुकानदार शेवटपर्यंत तो अस्सल असल्याचे सांगत राहिला. ही साल सहज कुजत नाही, म्हणूनच पूर्वी तिच्यावर लिहीत असत. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेले गणिताचे हस्तलिखित भूर्जपत्रावरच आहे.

साल पटली की पान पाहावे. भूर्जाचे पान अंडाकृती, टोकाशी निमुळते आणि साधारण पाच ते दहा सेंटिमीटर लांब असते. त्याच्या कडेला दाते असतात, त्या दात्यांवर आणखी बारीक दाते असतात आणि मधल्या शिरेपासून समांतर उपशिरा कडेकडे जातात. कांडोळाचे पान याच्या अगदी उलट, तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे, पाच खंडांचे असते आणि फांदीच्या टोकाशी गर्दी करते. फळांत तर गल्लत होण्याची शक्यताच नाही. भूर्जाच्या लहान दंडगोल कणसांतून पंख असलेले इवलेसे बी वाऱ्यावर उडते, तर कांडोळाला उन्हाळ्यात चांदणीसारखी पाच भागांची तांबडी फळे लागतात. त्या फळांवरची लव बोटांत शिरून आग आग करते, त्यामुळे ती हातात घेऊ नयेत. डिंकाच्या बाजारात कांडोळाला मोठा मान आहे, पण तो विषय वेगळा.

निलगिरीचीही कधी कधी भूर्जाशी गल्लत होते. तिची साल उभ्या लांब पट्ट्यांनी सुटते आणि पान चुरडले की वास येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

प्रत्यक्ष भूर्ज पाहायचा असेल तर गंगोत्रीहून गोमुखाच्या वाटेने जावे. वाटेतल्या भोजबासाचे नावच भोजवृक्षांवरून, म्हणजे भूर्जांवरून, पडले आहे, पण सरपणासाठी झालेल्या तोडीमुळे तिथे आता जुनी झाडे फारच थोडी उरली आहेत. झाड भेटले की त्याची उंची पाहावी. अनुकूल जागी वीस मीटरपर्यंत जाणारा हा वृक्ष वरच्या कड्यांवर बर्फाच्या ओझ्याने वाकून झुडपासारखा होतो, आणि बुंध्याशी पडलेला बाक पाहून हिवाळ्यात बर्फ कोणत्या बाजूने घसरतो हेही कळते. सुटू आलेला पापुद्रा ओढण्याचा मोह तिथे अनेकांना होतो. तो ओढू नये, कारण त्याच्याबरोबर आतली जिवंत साल निघाली तर खोडावर कायमचा काळा व्रण राहतो. असे व्रण त्या वाटेवरच्या झाडांवर माणसाच्या हाताच्या उंचीवरच दिसतात.